मऊ का कडक

चार वाजता सिंधूनं चहा ठेवला आणि आतून विचारलं, "मऊ का कडक?" मी पंख्याखाली बसून बनियनीला बटण नसतंच हे विसरून सदऱ्याचं बटण बनियनीवर चाचपत होतो, म्हणजे काही करत नव्हतो. मी म्हटलं, "कडक." तिनं आणला तो मऊ. म्हणजे दुधाळ, पत्ती कमी, साखर चिमूटभर. मी एक घोट घेतला आणि म्हटलं, "हा कडक आहे?" ती म्हणाली, "तुमना पोटले इचारा." एवढंच. दोघांनी चहा प्यायला, तिनं कप विसळले, पदराला हात पुसले आणि जरा पडते म्हणाली. दिवेलागणीला उठवायला गेलो तर उठली नाही. पुढचं मी लिहीत नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगून काय उपयोग.

मी चौथी शिकलेला माणूस. सगळं आयुष्य जळगावात दाल मिलमध्ये गेलं, तिथं लिहायचं काम दुसऱ्यांचं, माझं पोती उचलायचं आणि पुढं चाळणीवर उभं राहायचं. पण हा 'मऊ का कडक' कुठून आला ते आता माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मी गेलो की तेही जाईल. म्हणून वही घेतली आहे. अक्षर वाकडं आहे, माणूस पण सरळ नव्हता.

आमचं गाव बोदवडकडचं. कोरडवाहू रान, शेंगा, कपाशी, तूर. आमच्या आबाकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून गजानं ठासून भरायची ती. दुसऱ्या टोकाला, नळीच्या बुडाशी, एक बारकं बोंड असतं. त्या बोंडावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, बोरीच्या बी एवढी. चाप दाबला की वरचा घोडा त्या टोपीवर आपटतो, टोपी आत ठिणगी टाकते आणि बार निघतो. टोपी चांगली तर बंदूक बंदूक, नाहीतर ती लोखंडाची काठी. आबा म्हणायचा, "बंदूक ठेवनारे लय असतात, टोपी पाहनारा एखांदाच."

त्या बंदुकीनं किती रानडुकरं मेली असं कुणी विचारलं तर खरं सांगतो, एकही नाही. आबाचा नेम असा की डुकरानं जागेवर उभं राहून वाट पाहिली असती तरी त्याला काही झालं नसतं. पण आवाज असा जायचा की डुकरं पार शिवाराबाहेर. आणि आवाजाचाच त्याला नाद होता. घरी पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी जेवणाआधी आबा त्याला बांधावर न्यायचा आणि टेकाडाकडे नळी करून एक बार काढायचा. त्याला आमच्याकडे 'पाहुण्याचा बार' म्हणत. तो ऐकला की माय घरातून ओळखायची, आता बट्ट्या काढायला हरकत नाही. पाहुण्याला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी असायचीच. गोवऱ्यांच्या आरात बट्ट्या भाजत असायच्या, राख फुंकायचा आवाज, तुपाची वाटी, आणि लांबून तो धडाड. आजही मला कुठं फटाका वाजला की भूक लागते. सिंधू यावर हसायची. दिवाळीत माझ्यापुढं आधी ताट ठेवायची, मग दाराशी जाऊन बघायची कुणी वाजवला.

त्या वर्षी आबाच्या टोप्या संपत आल्या आणि शेंगा भरायला आलेल्या. डुकरं रोज येऊन मुळापासून उकरून जायची. जळगावच्या ज्या दुकानातून तो टोप्या आणायचा ते दुकान बंद पडलं होतं. तिथं एकाच जातीची डबी मिळायची, ती घ्यायची, संपलं. आता धुळ्याला जायची पाळी आली. आबाचा गुडघा धरलेला, म्हणून तहसीलच्या मोठ्या साहेबाकडून माझ्या नावाचा कागद करून घेतला आणि परवान्याचं बुक देऊन मला पाठवलं. वय एकोणीस-वीस. मिशा फुटल्या होत्या आणि अक्कल फुटायची होती.

"टोपी पाह्यून आनजो," आबा म्हणाला. "हिरवा गंज नको. काठ चिरेल नको. दमट डबी घेऊ नको. आन मावशीकडं उतरजो."

मावशीचं नाव घेताना माय चुलीकडं तोंड करून हसली. का हसली ते मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं.

धुळ्याचं ते दुकान म्हणजे एक लांब बोळ. बाहेर लोखंडी जाळी, आत भिंतीला लागलेल्या बंदुका, कानसींचा, तेलाचा आणि जळक्या लाकडाचा वास. आत एक म्हातारा दस्त्याला कानस मारत बसलेला. ते नाना. पोलिसात सगळी नोकरी हत्यारं दुरुस्त करण्यात गेली, बार तपासून तपासून कानांचे पडदे गेले, मग परवाना काढून दुकान टाकलं. त्यांना जवळजवळ काहीच ऐकू यायचं नाही. म्हणून दुपारचा डबा घेऊन आलेली त्यांची मुलगी गिऱ्हाईक काय म्हणतं ते त्यांच्या कानात ओरडून सांगायची. मी आलो तेव्हा ती जाळीशी उभी होती. दोन वेण्या, हातात रिकामा डबा, आणि डोळे असे की माणूस काही विचारायच्या आधी उत्तर बघून ठेवतात.

मी बुक आणि कागद दिला. टोप्या म्हटलं. नानांनी हाताचं तेल पुसून दोन पत्र्याच्या डब्या पुढं सरकवल्या. मी आबानं सांगितलं तसं झाकण काढून पाहिलं. गंज नाही. काठ चिरलेले नाहीत. डबी हलवून कानाशी धरली, कोरडी खुळखुळली. मला वाटलं झालं, परीक्षा पास. तेवढ्यात ती पोरगी म्हणाली, "मऊ जोयजेत का कडक?"

हे आबानं सांगितलंच नव्हतं. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. आता मला सांगा, बंदुकीच्या दुकानात उभं राहून मिशीवाला माणूस 'मऊ' म्हणेल का? चहा कडक चांगला, इस्त्री कडक चांगली, तंबाखू कडक, मिरची कडक, गावात कुणाला चांगला म्हणायचं तर माणूस कडक आहे म्हणतात. मऊ काय असतं? भात मऊ असतो, तो आजाऱ्याला देतात. मी छाती काढून म्हटलं, "कडक!"

तिनं बापाच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडली, "नाना, कडक म्हनस!"

नाना कानस न थांबवता म्हणाले, "घोडा कसा शे ते इचार."

ती माझ्याकडं वळली. "तुमना घोडा कसा शे? जुना का नवा?"

आता घोडा म्हणजे बंदुकीचा घोडा हे मला लहानपणापासून माहीत होतं. आईशपथ माहीत होतं. पण ती बघत होती आणि माझ्या डोक्यात त्या घटकेला काहीच नव्हतं. मी म्हटलं, "घोडा नाही आमच्याकडं. बैलजोडी आहे."

तिनं हसू दाबलं. ओठ असे आत घेतलेले. मग बापाच्या कानाशी गेली आणि असं ओरडली की समोरचा चहावाला, शेजारचा कापडवाला आणि रस्त्यात थांबलेला हातगाडीवाला, सगळ्यांनी ऐकलं. "नाना! घोडा नही म्हने! बैलजोडी शे!"

नाना गंभीरपणे म्हणाले, "मंग टोपी बैलले घालजो म्हना."

चहावाल्याच्या हातातला कप फुटला. मी कुठं बघावं ते मला समजेना. नानांना मात्र माझी दया आली असावी. त्यांनी मला जवळ बसवलं आणि बोटांनी समजावलं, कारण ऐकू न येणारा माणूस बोटांनी फार बोलतो. पोलिसात त्यांच्याकडं एसएलआर होत्या, आपली आपण भरणारी रायफल. एक गोळी गेली की दुसरी आपोआप आत शिरते, धाडकन. त्या गोळीच्या बुडाला टोपी असते ती कडकच लागते. मऊ असली तर आत शिरतानाच्या धक्क्यानं चाप न दाबता वाजून बसेल. पण जुन्या ठासणीच्या बंदुकीचा घोडा म्हातारा असतो, त्याची कमान ढिली पडलेली असते, त्याच्या हाताला जोर नसतो. त्याला मऊ टोपी लागते, हलक्या टपलीत पेटणारी. "घोडा पाहीसन टोपी," असं ते म्हणाले. आमच्या आबाची बंदूक आज्यापासूनची होती. तिच्या घोड्याचं वय सगळ्या घरात जास्त.

हे सगळं मला समजलं. नीट समजलं. आणि तरी मी म्हटलं, "कडकच द्या." कारण एकदा म्हटलं होतं ना. आणि ती पोरगी अजून ओठ आत घेऊनच उभी होती.

संध्याकाळी मावशीनं मला धुतलेला सदरा घालायला लावला आणि एका घरी नेलं. मायच्या हसण्याचा अर्थ तिथं कळला. बैठकीत नाना बसलेले, आणि पोह्याची ताटली घेऊन आली ती तीच. मला जमिनीत जावंसं वाटलं. मावशी म्हणाली, पोरीला काही विचारायचं तर विचार. मी मान हलवली, नाही. मग मावशी तिला म्हणाली, सिंधू, तुला काही विचारायचं? पोरीला असं कुणी विचारत नसे, मावशीनं उगाच चेष्टा केली. पण सिंधूनं विचारलं.

"टोप्या बदलल्यात का?"

"नाही," मी म्हटलं.

"दुकान सकाळी नऊले उघडस," ती म्हणाली आणि आत गेली.

मला ती आवडली होती. हे मी आता सत्तरीच्या पुढं लिहितो आहे, तेव्हा मेलो असतो तरी कबूल केलं नसतं. परत येताना मावशीला म्हटलं, पोरगी फार बोलते. सकाळी नऊला दुकानावरून गेलो, जाळी उघडी होती, आणि मी सरळ एसटी स्टँडला गेलो. खिशात डबी खुळखुळत होती. पाचोऱ्यापर्यंत मी त्या डबीशी भांडत आलो.

घरी आबा खूश. डबी उघडून एक टोपी पुढच्या दाताखाली धरून पाहायची त्याची पद्धत होती, पण त्या वर्षी पुढचे दात पडलेले. म्हणून नुसती बघितली आणि म्हणाला, "चमकतात बरं." दोन दिवसांनी आबा शेजारच्या गावी गेला तेव्हा मी गुपचूप रिकाम्या बंदुकीवर एक टोपी बसवून चाप दाबला. टक. दुसरी बसवली. टक. घोडा असा पडायचा जसा म्हातारा माणूस खाटेवर बसतो. टोपीला साधा पोचा आला नाही.

आता मला माहीत होतं आणि दुसऱ्या कुणाला नव्हतं. तेव्हाच सांगितलं असतं तर आबानं दोन शिव्या दिल्या असत्या आणि मी परत धुळ्याला गेलो असतो. पण परत धुळ्याला म्हणजे परत त्या जाळीपुढं. मी गप्प बसलो. आणि त्याच आठवड्यात मावशीचा निरोप आला, पोरीकडचे हो म्हणतात, पोरीचा बाप घर बघायला येतो आहे. मायनं गोवऱ्या वाळत टाकल्या. आबानं बंदुकीला तेल लावलं. "पाहुना बंदूकवाला हाय," तो म्हणाला. "आज बार असा झाला पाह्यजे की सोयरीक बारातच पक्की." मी रात्रीची भाकरी अर्धी टाकली. बार झाला नाही तर काय होईल ते मला स्पष्ट दिसत होतं. एक तर आबाची शोभा होईल, ज्याला त्या एका बाराशिवाय मिरवायला काही नव्हतं. आणि नाना उठून जातील, ज्या पोराला टोपी कळत नाही त्याच्या घरी पोर कशाला द्या म्हणून. आणि गंमत बघा, ज्या पोरीला मी फार बोलते म्हणालो होतो ती जाईल याचीच मला सगळ्यात जास्त भीती होती.

नाना आले, राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आबानं त्यांना बांधावर नेलं. मी मागून. नानांना ऐकू येत नाही हे आबाला कळलं होतं, पण त्यानं मानायचं नाही असं ठरवलं होतं. "हा बार तर मेलेलाही आयकते," असं म्हणून त्यानं टोपी बसवली, टेकाडाकडं नळी केली आणि चाप दाबला.

टक.

आबानं पुन्हा घोडा ओढला. टक. टोपी बदलली. टक. कपाळावर घाम. तिकडं घरात माय बट्ट्या काढायला बसली असणार, बार ऐकायला कान लावून, आणि बट्ट्या करपत असणार. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होतो, डुकरासारखा.

नाना टेकाडाकडं डोळे लावून बसले होते. आवाज त्यांना येत नव्हताच. ते धुराची वाट बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "आबा, धूर कोठे शे?"

आबानं घोडा सोडला. बंदूक खाली केली. त्याचा तो चेहरा मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिला नाही आणि पाहायचाही नव्हता. मी म्हटलं, "आबा, चूक माझी आहे. तिनं विचारलं होतं, मऊ का कडक. मी कडक म्हणालो. नंतर कळलं तरी बदलल्या नाहीत." मोठ्यानं म्हटलं. मला वाटतं तेवढं एकच शहाणपण मी त्या महिन्यात केलं.

आबा माझ्याकडं वळला, हात उचललाच होता. नाना मध्ये आले. त्यांना शब्द ऐकू गेले नव्हते, पण माझं तोंड आणि आबाचा हात बघून सगळं समजलं होतं. ते हसले. डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि तिच्या घडीतून वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी काढली. टोपीतून टोप्या.

"सिंधूनी दिध्यात," ते म्हणाले. "म्हने, तो बदलाले येवाव नही. पन त्याना बापनी फजिती व्हाले नको."

आबानं पुडी घेतली. एक टोपी बोंडावर बसवली. चाप दाबला, आणि टेकाडावरचे सगळे होले उडाले. नानांनी धूर बघितला आणि लहान पोरासारख्या टाळ्या पिटल्या. आबानं उरलेली पुडी बंडीच्या खिशात ठेवली. मग मला म्हणाला, "पोरगी लय बोलते म्हनत होता ना तू?"

"हो."

"बोलू दे. आपल्या घरात एक तरी आयकनारं, एक तरी बोलनारं पाह्यजे."

बट्ट्या करपल्याच होत्या. पाहुण्यानं त्या तुपात बुडवून चवीनं खाल्ल्या.

लग्नात नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, मनी पोर एसएलआर शे, एक बोलनी की पुढलं आपसुक भरायेल ऱ्हास, तू मऊ शे, जपजो. मी म्हटलं, मी कडक आहे. त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली आणि आबा, माय, पाहुणे सगळ्यांच्या देखत मला विचारलं, "चहा मऊ करू का कडक?" आबाला ठसका लागला. मी म्हटलं, कडक. तिनं मऊ आणला. ते जे सुरू झालं ते जळगावला आलो तरी, मिलमध्ये लागलो तरी, आबा-माय गेले, बंदूक ठाण्यात जमा केली ती परत आणली नाही, तरी सुरूच राहिलं. कडक टोप्यांची ती रिकामी डबी तिनं ठेवून घेतली होती. तिच्यात ती कपाळाच्या टिकल्या ठेवायची. आरशापाशी आहे अजून. आम्ही भांडायचो, दोन-दोन दिवस अबोला धरायचो. पण अबोल्यातही चार वाजता आतून प्रश्न यायचा आणि मला उत्तर द्यावं लागायचं, म्हणून अबोला कधी चारच्या पुढं टिकला नाही. बाहेरच्या कुणाला आमच्या घरातला मऊ चहा म्हणजे काय ते कधी कळलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. सांगायला बंदुकीपासून सुरुवात करावी लागली असती.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर भरलेलं होतं. लेक पुण्याहून आली होती, रडून रडून झोपली होती. आपल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, चहा शेजारून येतो. शेजारची कल्पना, मिलमधल्या माझ्या जुन्या सोबत्याची सून, दारात आली. सगळ्यांना विचारत विचारत माझ्यापाशी आली. हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हाला चहा कसा आणू?"

मी म्हटलं, "मऊ."

पहिल्यांदा म्हटलं.

कल्पनानं विचारलं, "मऊ म्हणजे कसा हो, बाबा?"

मी सतरंजीवर सरकून तिला जागा केली. म्हटलं, "बस. बंदुकीपासून सांगावं लागेल."